गुडघा बदलला पण पायात जोरच नाही, मदत हवी आहे

वाडेकरी_इंदूर: आईचा गुडघा बदललाय, वाकतोय छान, टाके वगैरे सगळं ठीक, पण खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटावं लागतं आणि जिन्याचं तर नावच नको. आमचं घर रामबागेत, दुसरा मजला, ती खाली मावशीकडे अडकलीय आणि रोज फोन, घरी कधी नेतोस. ताकद लवकर येईल असे व्यायाम सांगा. गूगल करून झालंय.

मालवी_मिरची: अरे भिया, ऑपरेशनला किती दिवस झाले? एक की दोन्ही? वय? फिजिओ येतो का?

वाडेकरी_इंदूर: 7 आठवडे. उजवा. 68. फिजिओ 2 आठवडे आला, मग गुडघा 100 अंशांच्या वर वाकायला लागला म्हणून आम्हीच बंद केला.

सुदामानगर_काकू: तिथेच घोळ झाला. वाकणं वेगळं, ताकद वेगळी. सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू कामच करत नाही. मी पाय लांब करून गुडघा गादीत दाबायचे, 5 मोजायचे, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. मग पाय ताठ ठेवून उचलणं, मग उंच खुर्चीवरून उठबस, शेवटी कठडा धरून एकाच पायरीवर चढउतार. जिना नीट जमायला मला चार महिने लागले.

तिळाचे_तेल: एवढं कशाला, कोमट तेलाने मालिश आणि रोज वज्रासन. मी 74, एक गोळी नाही.

मालवी_मिरची: काका, तुमचा गुडघा ओरिजिनल आहे हो! बदललेल्यावर वज्रासन सर्जनला विचारल्याशिवाय नाही.

तिळाचे_तेल: सर्जन तेल सांगेल का कधी.

छप्पनला_भेटू: खर्च किती आला? सासऱ्यांचं करायचंय. 2017 पासून इम्प्लांटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे म्हणे, बिलात वेगळी दाखवली का?

सुदामानगर_काकू: बिल राहू दे. झोपताना गुडघ्याखाली उशी असते का रे?

वाडेकरी_इंदूर: हो, दिवसभर. बरं वाटतं तिला.

सुदामानगर_काकू: काढ आधी! गुडघा वाकडाच राहील तशाने. ठेवायचीच तर टाचेखाली. काठी डाव्या हातात. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा. आणि पोटरी सुजली, दुखायला लागली तर व्यायाम बंद, तडक डॉक्टर.

वाडेकरी_इंदूर: उशी काढली, आई बोलत नाहीये माझ्याशी. फिजिओ सोमवारपासून परत येतोय. दुसरा मजला म्हटल्यावर हसला, म्हणे आधी मावशीच्या ओट्याची पायरी चढू दे.

छप्पनला_भेटू: बिलाचं राहिलं.