सभेला न येणाऱ्या सभासदाला मत असावे का?

येळ्ळूरकर :
आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने १९९५ साली मँचेस्टर येथे स्वीकारलेल्या सहकाराच्या सात तत्त्वांत लोकशाही नियंत्रणाचे तत्त्व दुसरे आहे. प्राथमिक संस्थेत भाग (शेअर) कितीही असोत, सभासदाला मत एकच. हे मला मान्य आहे. परंतु बेळगाव भागातल्या आमच्या पीकेपीएसमध्ये, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थेत, वर्षभर खत वा कर्ज न उचलणारे, वार्षिक सभेकडे पाठ फिरवणारे आणि निवडणुकीच्या दिवशी कोणाच्या तरी गाडीतून उतरणारे सभासदच निकाल फिरवतात. (सभेनंतरच्या जेवणाला मात्र गणसंख्या कधी कमी पडत नाही.) किमान हजेरी आणि किमान व्यवहार असल्याशिवाय मत देऊ नये. सभासदांचा आर्थिक सहभाग हेही तिसरे तत्त्वच आहे.

खानापूरचा सभासद :
तिसऱ्या तत्त्वाचा हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे. ते भांडवल आणि वाढाव्याच्या (खर्च वजा जाता उरलेल्या रकमेच्या) वाटपाविषयी बोलते, मताविषयी नाही. इंग्लंडमधील रॉचडेलच्या सहकारी संस्थेच्या संस्थापकांनी १८४४ साली सुरू केलेल्या दुकानात वाढावा खरेदीच्या प्रमाणात वाटला जाई, मत मात्र माणशी एकच होते. शिवाय कर्ज मंजूर करणे संचालकांच्या हाती आहे; व्यवहाराची अट घातली की पुढच्या निवडणुकीत मतदार कोण, हेही तेच ठरवणार. ज्याच्या नावावर उतारा नाही, त्या कुळाला पीककर्ज सहसा मिळत नाही; त्याचे मतही काढून घ्यायचे काय?

निपाणीकर :
सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सभासदांचा किमान सहभाग कायद्याने ठरवण्याची मुभा राज्यांना दिली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द केला. तो राज्यांच्या संमतीविना केल्याच्या मुद्द्यावर. सहभागाची अटच चुकीची आहे, असा तो निकाल नव्हे. माझा प्रश्न वेगळा आहे. सभेची नोटीस आणि अहवाल फक्त कन्नडमध्ये आला, तर मराठी वाचणारा म्हातारा शेतकरी गैरहजर राहिला याचा दोष कोणाचा? शिक्षण आणि माहितीचे पाचवे तत्त्व संस्थेने पाळल्याशिवाय त्याच्याकडून हजेरीची अपेक्षा करता येणार नाही.

येळ्ळूरकर :
अहवाल दोन्ही भाषांत हवाच, आणि कुळाचा मुद्दा वजनदार असल्याने व्यवहाराची अट मी सोडतो. हजेरीची अट मात्र सोडत नाही. सभेला जायला उतारा लागत नाही, आणि गाडीतून उतरणारे ते सभासद मराठी अहवालही उघडून पाहत नाहीत.

खानापूरचा सभासद :
मग हजेरीपुस्तक संचालकांच्या कपाटात राहणार नाही, एवढी हमी आधी द्या.