पाच वाजता बंदी, मग ‘रात्री झोपताना’ची गोळी कधी द्यायची?

नवा_एमओ:
तीन महिन्यांपूर्वी जिल्हा कारागृहात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो. इथं संध्याकाळचं जेवण साडेचारला वाटतात, पाचला बराकी बंद, त्या थेट सकाळी उघडतात. काल एक कच्चा कैदी आला, वय 34. म्हणतो, तीन वर्षं रोज रात्री क्लोनाझेपाम (झोप आणणारी, सवय लागणारी गोळी) 2 मिलिग्रॅम घेतो, वर दारू. कागद काहीच नाही. गोळ्या हातात दिल्या तर कुणीतरी हिसकावून घेईल, बंद केल्या तर फिट येईल. तुम्ही काय करता?

निवृत्त_जेल_डॉक्टर:
एकवीस वर्षं जेलच्या दवाखान्यात काढली, म्हणून सांगतो. तो खरं बोलतोय असं धरूनच चाला. दारू तुटल्यावर फिट साधारण 6 ते 48 तासांत येते, वात झाल्यासारखं बरळणं त्यानंतर, दोन-चार दिवसांत. तेवढे दिवस त्याला बराकीत पाठवू नका, दवाखान्यात डोळ्यांसमोर ठेवा. थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्या. क्लोनाझेपाम एकदम तोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून आठवड्या-आठवड्यानं उतरवा. तिचा अंमल लांब टिकतो, पाचला दिली तरी रात्र निघते. फक्त अजून दारूच्या अमलात असेल तर आधी श्वास बघा, मग डोस.

मला जास्त धास्ती साखरेच्या गोळ्यांची. एक आजोबा बाहेरच्या चिठ्ठीप्रमाणे ग्लिमेपिराइड सकाळ-संध्याकाळ घ्यायचे. जेवण साडेचारला, तेही अर्धंच. रात्री साखर एकदम उतरली, दोनला बराकीतल्या पोरांनी थाळ्या बडवल्या. कुलूप उघडून मी पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. वाचले. चिठ्ठी मी जशीच्या तशी उतरवली होती, जेवणाची वेळ बघितलीच नव्हती. त्यानंतर संध्याकाळची ग्लिमेपिराइड मी कुणालाच लिहिली नाही, आणि प्रत्येक मधुमेह्याच्या शेजारच्याला घाम-थरथर ओळखायला शिकवलं, गूळ जवळ ठेवायला लावला.

आणखी एक: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात जेलच्या डॉक्टरांना प्रशिक्षण द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. लेखी मागा.

फार्मसिस्ट_ताई:
गोळी समोर गिळायला लावा, पाणी पाजा, तोंड उघडून बघा. पण गालात लपवतात म्हणून सगळ्याच गोळ्या कुटून देऊ नका. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. नैराश्यावरच्या अ‍ॅमिट्रिप्टिलिनचा साठा कुणाजवळ होऊ देऊ नका, जास्त घेतली तर हृदयावर जाते.

कैद्याची_बहीण:
माझ्या भावाच्या फिटच्या गोळ्या आत गेल्यावर चार दिवस बंद होत्या, कारण फाइल घरी होती आणि आम्हाला कुणी विचारलं नाही. डॉक्टरसाहेब, पहिल्याच दिवशी घरी एक फोन करायला लावा ना. आणि जामीन संध्याकाळी झाला तर निदान आठवड्याच्या गोळ्या हातात द्या.

नवा_एमओ:
ताई, आज सकाळीच त्या कच्च्या कैद्याच्या आईला फोन लावला. रिकाम्या स्ट्रिप्स सापडल्या: क्लोनाझेपाम 2 मिलिग्रॅमच. तो दवाखान्यात आहे, हात थरथरताहेत, पण शुद्धीवर आहे. आता मधुमेहाची रजिस्टरं काढून बसलोय, संध्याकाळचा डोस असलेले सात जण निघाले.