शब्दचर्चा : नगरवेशीवरच्या ढालीला काय म्हणावं?

शाईदौत : एका कल्पित साम्राज्याची कथा मराठीत आणते आहे. राजधानीच्या वेशीवर दगडात कोरून रंगवलेली ढाल आहे : काळ्या पाटावर रुपेरी दुतोंडी गरुड, वर बुरुजांचा मुकुट, खाली ब्रीदवाक्य. मी 'राजमुद्रा' लिहिलं, संपादकांनी खोडलं. पुढे सम्राटाची खरी मुद्रा चोरीला जाते, लाखेवर तिचा ठसा उमटतो. दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?

जुनीवही : संपादकांचं बरोबर. मुद्रा म्हणजे ठसा. 'प्रतिपच्चंद्रलेखेव' शिवरायांच्या पत्रांवर उमटलेली दिसते. सारनाथच्या सिंहांना आपण सर्रास राजमुद्रा म्हणतो, तिथून हा घोळ. 'बोधचिन्ह' घ्या.

पानगळ : बोधचिन्ह संमेलनांना आणि क्रीडास्पर्धांना असतं! आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'लांछन'. चालुक्यांचं वराहलांछन, ऋषभनाथांचं बैल, महावीरांचं सिंह.

शाईदौत : 'राजधानीचे लांछन' वाचून शहराने काही काळं केलंय असंच वाटेल.

पानगळ : 'गरुडलांछन' असा समास करा. वापरलाच नाही तर शब्द मरणारच.

जुनीवही : वाचकाला ठेच लावून शब्द जगवायचा? मग 'कुलचिन्ह' काय वाईट?

हंसपद : कुलचिन्ह घराण्याचं. शहराला कूळ कुठलं? 1461 मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने व्हिएन्नाला दोन डोक्यांचा गरुड बहाल केला, तो साम्राज्याचा गरुड होता. सरळ 'नगरचिन्ह' म्हणा. बुरुजांचा मुकुटही तेच सांगतो. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्याला तसा मुकुट मिळे, पुढे युरोपात तो शहरांच्या ढालींवर चढला. त्याला 'तटमुकुट' शोभेल.

पानगळ : तटमुकुट सुंदर. पण नगरचिन्हात ना ढाल, ना मान. आणि लांछन खटकतं तर 'दुतोंडी' कसं खपतं? दुतोंडी माणूस म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो गंडभेरुंड आहे, तसं लिहा.

जुनीवही : गंडभेरुंड म्हटलं की म्हैसूरचं राजघराणं आठवतं, पंजात हत्ती धरलेली शिल्पं आठवतात. परक्या साम्राज्यावर ते लादू नका. 'द्विशिर गरुड' पुरे.

पानगळ : द्विशिर कोण बोलतं?

शाईदौत : गरुडाचं मागाहून बघू. ढालीचं काय ठरलं?

हंसपद : 'दुडोकी' चालेल का? दुमजली, दुपदरी चालतात, तसं.

जुनीवही : दुडोकी गरुड साम्राज्याच्या वेशीवर? अजिबात नाही.