प्रतिसाद: कॅमेरा हेल्मेटवर की छातीवर?

भाऊ, तुम्ही विचारलं नं की ॲक्शन कॅमेरा (अंगावर लावून व्हिडिओ काढायचा छोटा कॅमेरा) हेल्मेटवर लावू की छातीवर, तर सायकलसाठी मी छातीच म्हणीन, कारण हेल्मेटवरून उतार सपाट दिसतो आन् छातीवरून हात, हँडल, पुढचं चाक सगळं येते, वेग जाणवतो. फक्त कॅमेऱ्याचं तोंड थोडं वर करून लावा, नाहीतर आपण पुढे झुकलो की नुसतं हँडलच दिसते. मोटरसायकलच्या हँडलला मात्र लावू नका, इंजिनाच्या थरथरीनं चित्र जेलीसारखं हलते, स्टॅबिलायझेशननंही (हलतं चित्र स्थिर करायची कॅमेऱ्यातली सोय) ते धड सुधरत नाही.

आन् आपला नागपूरचा मे महिना, 45 डिग्री! सायकल चालताना कॅमेऱ्याला हवा लागते, पण सेमिनरी हिल्सचा चढ चढून थांबलो की मी रेकॉर्डिंग आधी बंद करतो, नाहीतर कॅमेरा तापून स्वतःच बंद पडते. उन्हाळ्यात 4के (जास्त बारकाव्याचा व्हिडिओ) सेकंदाला 60 फ्रेमऐवजी 30 वर ठेवा.