मदत हवी आहे: मातृकान्यासात 'ळ' कुठे ठेवायचा?

गुहागरकडे नवरात्राआधी अंतर्मातृकान्यासाचा (वर्णमालेतली अक्षरे, म्हणजे मातृका, मंत्र म्हणत मनाने शरीरातल्या चक्रांवर ठेवण्याचा) सराव चालू आहे. चक्रांच्या कमळांच्या पाकळ्यांचा हिशेब असा: विशुद्धात १६ स्वर, अनाहतात क ते ठ १२, मणिपुरात ड ते फ १०, स्वाधिष्ठानात ब ते ल ६, मूलाधारात व श ष स ४, आज्ञेत ह आणि क्ष. बेरीज ५०. मग ५१ वा 'ळ' उरतो. बहिर्मातृकेत (बाहेरच्या अवयवांवरच्या न्यासात) 'ळं' हृदयापासून पोटाकडे आणि 'क्षं' तोंडाकडे नेतात, तिथे अडत नाही. अंतर्न्यासात मात्र तो गाळायचा की आज्ञेत 'ह'शी जोडायचा? तुमच्या परंपरेत जे चालतं ते पोथीच्या आधारासह सांगा.

दुसरी अडचण उच्चाराची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या बोलीत च, ज, झ दंत्य (जीभ दातांकडे) होतात (चमचा, जहाज), न्यासात ते तालव्यच (जीभ टाळूला) हवेत. 'ऋ'चा 'रु' होतो, 'ष' आणि 'श' एकच ऐकू येतात. जिथे वर्ण म्हणजेच शक्ती, तिथे वर्ण बदलला तर न्यास कशाचा झाला? मोठ्या वयाच्या साधकांची ही सवय मोडायला कुणाकडे नेमका सराव आहे का? 'ष'ला जीभ मागे वळवण्यापलीकडचं काही असेल तर जरूर लिहा.