शब्दाची जात जागेवरून ठरते
इंग्रजी शिकताना आधी नाम, क्रियापद अशा आठही शब्दजातींच्या व्याख्या पाठ करा, वाक्यरचना आपोआप कळेल, असा एक सल्ला असतो. नावं माहीत हवीत हे मान्य, पण माझी गाडी नेमकी तिथेच अडली होती. इंग्रजीत बरेच शब्द एकटे पाहून त्यांची जात सांगताच येत नाही. 'राउंड' घ्या. 'अ राउंड टेबल'मध्ये ते विशेषण, 'द फर्स्ट राउंड'मध्ये नाम, 'शी टर्न्ड राउंड'मध्ये क्रियाविशेषण, 'राउंड द कॉर्नर'मध्ये शब्दयोगी (आपलं नामाला मागून चिकटतं, त्यांचं आधी येतं), आणि 'द कार राउंडेड द बेंड'मध्ये चक्क क्रियापद.

मराठीत 'कुत्र्याने मांजराला पाहिलं' हे 'मांजराला कुत्र्याने पाहिलं' असं फिरवलं तरी अर्थ तोच राहतो, कारण कर्ता-कर्म कोण ते 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय सांगतात. इंग्रजी नामांना असे प्रत्यय उरलेले नाहीत. 'द डॉग सॉ द कॅट'मधली नामं अदलाबदल केली की पाहणाराच बदलतो! हे उमगल्यापासून मी आधी क्रियापद शोधतो, मग त्याच्या आधी कोण आणि नंतर कोण ते बघतो. लांबलचक वाक्यंही तेव्हापासून सुटायला लागली.