मदत हवी आहे: २० टीबीच्या डिस्कवर ईएक्सटी४ १६ टीबीच्या पुढे सरकत नाही

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीला राहतो. २०१५ पासून ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचं चित्रीकरण करतोय. तेव्हा घेतलेली ८ टीबीची डिस्क (लिनक्सवरची, ईएक्सटी४ फाइलसिस्टिमची, म्हणजे फाइली मांडण्याच्या पद्धतीची) काठोकाठ भरली, म्हणून २० टीबीची आणली आणि डीडीने (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञा) जुनी जशीच्या तशी नवीवर उतरवली. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार गेली. मध्येच वीज जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो!

पार्टिशन जीपीटीच (मोठ्या डिस्कला चालणारी विभागणी) आहे, ते शेवटपर्यंत वाढलं. पण फाइलसिस्टिम वाढवणारं रीसाइज२एफएस म्हणतं, नवा आकार ३२ बिटांत मावत नाही. २० टीबी म्हणजे १०२४ च्या हिशेबाने १८.२, हे ठाऊक आहे. मग शोधलं: ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी ब्लॉक, प्रत्येकी ४ केबीचा, म्हणजे बरोबर १६ टीबी. वरचे दोनेक टीबी पडूनच राहणार. विंडोजची एनटीएफएसही ४ केबीच्या क्लस्टरला (तिथला ब्लॉक) तिथेच अडते, त्यामुळे तिकडे जाण्यात अर्थ नाही.

आहे त्याच फाइलसिस्टिमवर ६४बिट (ब्लॉकचे क्रमांक ३२ पेक्षा जास्त बिटांत ठेवायची सोय) चालू करणं सुरक्षित आहे का? की सरळ एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम करू? नंतर लहान करायची वेळ आली तर ती दाद देत नाही म्हणतात. त्या वर्षांचे थवे मला पुन्हा चित्रित करता येणार नाहीत, म्हणून हात लावायला धजत नाही.

प्रतिसाद १:
जुनी डिस्क अजिबात पुसू नका, आणि दोन्ही आत्ता एकदम जोडू नका. डीडीमुळे दोघींचा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) एकच झालाय, भलतीच माउंट होईल (वापरासाठी उघडली जाईल).

तुमची फाइलसिस्टिम जुनी आहे. ईएक्सटी४च्या साधनसंचाच्या, म्हणजे २०१६ च्या ई२एफएसप्रॉग्ज १.४३ पासून ६४बिट आपोआप चालू असतं. तुमच्याकडे करायचं तर अनमाउंट करून आधी तपासणीसाठी ई२एफएससीके -एफ, मग ६४बिट चालू करायला रीसाइज२एफएस -बी, शेवटी नेहमीचं रीसाइज. यूपीएस हवाच. पुढे मर्यादा थेट १ एक्झाबाइटवर (दहा लाखांहून अधिक टीबी) जाते, फक्त एकेक फाइल १६ टीबीपर्यंतच.

पण मूळ प्रत शाबूत आहे ना? मग मी नवी डिस्क पुन्हा ईएक्सटी४नेच फॉरमॅट करून आरसिंक (फाइली एकेक करून उतरवणारी आज्ञा) केलं असतं. यूयूआयडीही वेगळा मिळेल. एक्सएफएसची तुम्हाला गरज दिसत नाही.

धागाकर्ता:
यूयूआयडीचं लक्षातच आलं नव्हतं, दोन्ही जोडूनच ठेवल्या होत्या. जुनी आत्ताच काढली. आज रात्री नवी फॉरमॅट करतो, आरसिंक झालं की चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) ताडून इथे कळवतो.